‘डॉक्टर म्हणतात की’

आई,

सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. टेबलावर एम.ए.च्या मुलांचे पेपर पडलेत. एक उचलते, अर्धं पान वाचते, परत ठेवते. गॅलरीत जाते, समोरचा अजिंक्यताऱ्याचा डोंगर उन्हानं पिवळा पडलाय तो बघते, परत आत येते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझं वय तुझ्या शेवटच्या वयाजवळ आलंय, आणि तरी कुणाशी भांडावंसं वाटलं की मला तूच आठवतेस. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच साताऱ्याला नोकरीला लागले होते. मी काय शिकवते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू शेजारणींना सांगायचीस, ‘भाषेची मास्तरीण हाय.’ मी भाषांतर शिकवते, आई. एका भाषेतलं दुसरीत नेताना काय सांडतं, काय नव्यानं येतं, आणि काय सांडू द्यायचं ते कुणी ठरवायचं, हे सगळं. त्यावर जाडजाड पुस्तकं आहेत. तू हसशील, कारण तू आयुष्यभर मिरजेच्या त्या दवाखान्यात हेच करत होतीस, आणि त्याला काही नाव असतं हे तुझ्या गावीही नव्हतं.

तू मूळची जतच्याही पलीकडची, घरात कानडी आणि शाळेत मराठी. लग्न झालं तासगावकडच्या घरात. वडील पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणार. त्या घरात तुझ्या कानडीला कुणी वाईट म्हटलं नाही, पण कुणी ऐकलंही नाही, म्हणून तू ती बोलणं सोडून दिलंस. दवाखान्यात मात्र निम्मे पेशंट सीमेपलीकडून यायचे. डॉक्टर मराठी किंवा इंग्रजीत बोलायचे आणि मग वळून म्हणायचे, ‘सिस्टर, सांगा त्यांना.’ आपल्या क्वार्टर्स दवाखान्याच्या मागच्याच बाजूला होत्या, त्यामुळं तुझा डबा द्यायला, किल्ली मागायला मी वॉर्डात येत-जात राहिले आणि कानडी माझ्या कानावर पडली ती तिथं. अंगाईतनं नाही, गोष्टीतनं नाही. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, रात्री झोप लागली का. कितीतरी वर्षं मला ती दुखण्याचीच भाषा वाटायची. पुढं मोठेपणी मी तिची लिपी शिकले, तिच्यातल्या कथा मराठीत आणल्या, त्या छापूनही आल्या. पण आजही कानडीत कुणी हसलं की मला क्षणभर नवल वाटतं.

मला तो दिवस आठवतो, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाचा. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक माणूस झोपलाय, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको उभी आहे, पदर दातात धरून. डॉक्टर राऊंडला आलेत. ते कागद बघतात आणि मराठीत म्हणतात, ‘आता आपल्या हातात काही राहिलेलं नाही. लिव्हर गेलंय. फार दिवस नाहीत. घरी न्यायला सांगा.’ आणि पुढच्या खाटेकडे जातात. तू त्या बाईच्या जवळ जातेस, तिच्या खांद्यावर हात ठेवतेस आणि कानडीत सांगतेस, घरी घेऊन जा. इथल्या औषधानं व्हायचं तेवढं झालं. आता घरचं, त्यांना आवडेल ते खायला घाला. ज्यांना ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवून घ्या. ती बाई मान हलवते. तिचा चेहरा थोडा सैल झालेला मला दिसतो. मी दारात किल्लीसाठी उभी आहे आणि दोन्ही भाषा मला कळतायत, आणि मला वाटतं की माझ्यासमोर चोरी झालीय.

संध्याकाळी तू चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस. गॅस घेतला होता आपण, पण भाकरी तुला चुलीवरचीच लागायची. मी विचारलं, ‘आई, डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.’

‘कसं?’

‘फार दिवस नाहीत म्हणाले. लिव्हर गेलं म्हणाले. तू ते सांगितलंच नाहीस.’

तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस. म्हणालीस, ‘सांगितलं की.’

‘कुठं सांगितलंस? मी ऐकत होते. तिला खरं कळायचा हक्क आहे, आई. तू मधल्यामध्ये ठरवणारी कोण?’

मग तू माझ्याकडे वळलीस. तुझा चेहरा जाळामुळं लाल झालेला. ‘हक्क हाय. मी न्हाई कुठं म्हनतीय? पर डॉक्टर बोलून पुढच्या खाटंवर गेला. त्या बाईपाशी कोण उभं ऱ्हाणार? तू? का तुझी ती डिक्शनरी? मला शिकवाय लागलीस व्हय गं?’ आणि भाकरी उलथली. मला ते फार लागलं, कारण डिक्शनरी मी पहिली आले त्या बक्षिसातून घेतली होती आणि तुला ती दाखवताना तू हात पुसून घेऊन मग तिला हात लावला होतास.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, माणूस गेल्यावर, ती बाई परत आली. कपाळ मोकळं. तिनं तुझ्यासाठी फडक्यात बांधून शेंगा आणल्या होत्या. तुम्ही दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसलात. मी लांबून बघत होते, ऐकू काही येत नव्हतं. तीच जास्त बोलत होती. एकदा तिनं तुझा हात धरला, एकदा तूच डोळ्याला पदर लावलास. घरी आल्यावर मी विचारलं, ‘तिला तेव्हा कळलं होतं का गं, तू काय सांगितलंस ते?’ तू फडकं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, ‘शेंगा भाज.’ त्यापुढं तो विषय कधीच निघाला नाही. ती तुझे आभार मानायला आली होती, की विचारायला आली होती की मला तेव्हाच का सांगितलं नाहीस, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आता, इतक्या वर्षांनी, तुझं ते वाक्य मी मनात पुन्हा वाचते तेव्हा मला त्यात डॉक्टरांचं सगळं सापडतं. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवून घ्या, यात फार दिवस नाहीत हे आहेच. पण मला ते सापडतंय पन्नाशीत, सगळं शिकून झाल्यावर. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बाईला ते सापडलं का?

वर्गात मी सांगते की भाषांतराबद्दलचा विचार कसा बदलत गेला. आधी सगळे शब्दाला शब्द, अर्थाला अर्थ बरोबर बसवायच्या मागं होते, जणू दोन्ही भाषा तराजूच्या पारड्यात आहेत. मग काहीजण म्हणाले, तराजू सोडा, हे भाषांतर कशासाठी करायचंय ते आधी विचारा, कामावरून रूप ठरेल. मग आणखी काहीजण आले, ते म्हणाले की परक्या मजकुराला आपल्या घरच्यासारखं करून टाकणं ही एक प्रकारची दांडगाई आहे, परकं परकंच दिसू द्या, आणि अनुवादकानंही लपून बसू नये, आपण मध्ये आहोत हे दिसू द्यावं. मला ते फार पटलं होतं. मी कानडी कथा मराठीत आणल्या तेव्हा त्यातली माणसं जतच्या बाजूची मराठी बोलतील असं पाहिलं, पुण्याच्या संपादकबाईंनी सगळीकडे ‘नाही’ केलं तर मी परत सगळीकडे ‘न्हाई’ केलं. त्या लढाईचा मला अभिमान आहे. दुभाष्याचं काम शिकवताना मात्र मी एक नियम पोरांच्या डोक्यात पक्का बसवते. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या तोंडचंच बोलायचं. तो ‘मी’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी’ म्हणायचं. ‘डॉक्टर म्हणतात की’ असलं काही मध्ये घालायचं नाही, काही वाढवायचं नाही, गाळायचं नाही. हा नियम शिकवताना माझा आवाज थोडा चढतो असं मला मुलींनी सांगितलंय. तुझ्याशी चाललेलं भांडण असतं ते, त्यांना काय माहीत.

तर आता ऐक. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा फोन आला. मेढ्याकडचा तरुण पोरगा, सर्जन, इथल्याच एका खासगी दवाखान्यात असतो. म्हणाला, ‘मॅडम, तुमाला कानडी येतं न्हवं? जरा येताय का? लय पंचाईत झालीय.’ मी गेले. विजापूरकडचा एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको. रहिमतपूरच्या बाजूला कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायला आले होते. पायात काटा गेलेला, अंगात साखर, आणि ती आहे हे त्याला माहीतच नाही. पाय काळा पडत चाललेला. रानाच्या मालकानं जीपमधून आणून सोडलं आणि तो निघून गेला होता. दोघांना मराठी चार शब्दांपलीकडं येत नव्हती.

डॉक्टरांनी मी यायच्या आधी मोबाईलवरून प्रयत्न केला होता. ते मराठीत म्हणाले होते, ‘पाय काढावा लागेल,’ आणि मोबाईलनं स्वच्छ छापील कानडीत ते म्हणून दाखवलं होतं. म्हाताऱ्याचा बँडेज बांधलेला पाय समोर स्टुलावर ठेवलेला होता. त्यानं ऐकलं, मान डोलावली, दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि स्टुलावरून खाली काढून ठेवला. त्याला वाटलं, कुणाला तरी स्टूल हवंय. ‘मग मी काय बोलणार मॅडम?’ डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं होतं. मोबाईलचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. शब्दाला शब्द बरोबर होता.

मी डॉक्टरांच्या शेजारी, जराशी मागं उभी राहिले, नियमाप्रमाणं. ते म्हणाले, ‘मी तुमचा पाय गुडघ्याखाली कापणार आहे. न्हाईतर विष वर चढंल.’ आणि मी कानडीत म्हणाले, मी तुमचा पाय गुडघ्याखाली कापणार आहे, नाहीतर विष वर चढेल.

म्हाताऱ्यानं डॉक्टरकडे बघितलंच नाही. त्यानं मला बघितलं. चष्मा, खांद्याची पर्स, इस्त्रीची साडी, सगळं वरपासून खालपर्यंत. त्याच्या बायकोनं पुढं होऊन माझं मनगट धरलं. तो म्हणाला, ‘तुझ्या हातात मी माझा पाय देऊ? तुला मेंढराची लोकर तरी कातरता येते का?’

डॉक्टरांनी विचारलं, ‘काय म्हणाले?’ आणि मी, नियमाप्रमाणं, जसंच्या तसं मराठीत म्हणाले, ‘तुमच्या हातात मी माझा पाय देऊ? तुम्हाला मेंढराची लोकर तरी कातरता येते का?’

पोरगा लालबुंद झाला. ‘मला म्हणत्यात व्हय? आवं, मी सर्जन हाय की!’

मला तुझी आठवण आली ती तिथं. एकदा एका कानडी म्हातारीनं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आई-बहिणीवरून शिव्या घातल्या होत्या, सगळा वॉर्ड ऐकत होता, आणि त्यांनी ‘काय म्हणतायत सिस्टर?’ विचारल्यावर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणाली होतीस, ‘दुखतंय म्हणतायत.’ मी त्यावरही तुझ्याशी वाद घातला होता. तू म्हणालीस, ‘खोटं हाय का मग?’

मी माझं मनगट सोडवून घेतलं नाही. तशीच त्या बाईच्या बाजूला स्टुलावर बसले, जिथं त्याचा पाय होता तिथं. मेंढरं कुणापाशी ठेवलीत विचारलं. दिरापाशी, ती म्हणाली. मग मी सांगायला लागले, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी म्हणायला लागले, डॉक्टर म्हणतात की. कापणारे ते आहेत, मी नाही. मी फक्त मास्तरीण आहे, माझी आई तुमच्या बाजूची होती. साखरेचा आजार काय ते सांगितलं. काळं पडलेलं परत जिवंत होत नाही हे सांगितलं. मध्येच डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, एवढं काय बोलताय? मला पण सांगा की,’ तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की या खोलीत दोन्हीकडचं कळणारी मी एकटीच आहे, आणि मी काय सांगते हे तपासायला कुणीही नाही. तुला हे रोज जाणवत असणार. तुला भीती वाटायची का गं? मला वाटली.

म्हातारा म्हणाला, ‘मेंढराचा खूर सडला तर आम्ही पण कापतो.’ मी डॉक्टरांना ते सांगितलं, ते खूश झाले, म्हणाले, ‘बघा, त्यांना पटतंय.’ पण म्हाताऱ्याचं बोलणं संपलं नव्हतं. ‘पण मग ते मेंढरू कळपाबरोबर चालत नाही. त्याला विकून टाकतो.’ हेही मी सांगितलं.

मग त्या बाईनं विचारलं, ‘हे चालतील का?’ डॉक्टर म्हणाले, ‘चालतील की! पाय बसवून मिळतो. काठी घेऊन घरात, अंगणात चांगलं चालतील.’ आणि मग, खरं बोलणारा पोरगा म्हणून, पुढं म्हणाले, ‘मेंढरामागं मात्र न्हाई.’

आई, त्या वाक्याचे दोन तुकडे माझ्या तोंडात होते. पहिला मी सांगितला. चालतील. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलवेना. म्हाताऱ्यानंही मान वर केली. तिथंच थांबले असते तर त्यानं होकार दिला असता, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. तू मला तिथं दिसलीस असं मी म्हणणार नाही, पण तुझा जाळासमोरचा चेहरा मला आठवला, आणि मला हेही आठवलं की त्या रात्री मी जेवताना ठरवलं होतं की मी कधीच असं करणार नाही. मी दुसरा तुकडा सांगितला. होता होईल तेवढा हळू, पण सांगितला. मेंढरामागं नाही.

म्हाताऱ्यानं खाटेवरचं घोंगडं घडी करून खांद्यावर टाकलं आणि बायकोला म्हणाला, ‘नडी.’ म्हणजे चल. डॉक्टर विचारत होते, ‘काय झालं? काय म्हणाले?’ मी म्हटलं, ‘चाललेत.’ ‘आवं, असं कसं? वर चढंल ते!’ मी त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेले. परत सांगितलं, विष चढेल, जीव जाईल. बाई थांबून ऐकत होती, तो थांबला नाही. एका पायावर भार देत, काठी टेकत तो स्टँडच्या दिशेनं गेला आणि ती त्याच्या मागं पळत गेली.

काही दिवसांनी ते परत आले. तापानं फणफणलेला, शुद्ध निम्मी गेलेली. या वेळी मला बोलवायची गरजच पडली नाही, बाईनं कागदावर अंगठा दिला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. जीव वाचला. डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, ‘गुडघा ऱ्हायला असता तर बसवलेल्या पायावर चालणं लय सोपं गेलं असतं. आता अवघड हाय.’ माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, ‘तुमचा काय दोष मॅडम? तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत.’ सगळं बरोबर सांगितलं. बरोबर सांगणं म्हणजे काय, हा प्रश्न आजवर मी परीक्षेत दहा मार्कांना विचारत आले आहे.

मी ते वर्गात मांडलं. दवाखाना, मोबाईल, स्टूल, सगळं, फक्त तू सोडून. तासगावचा एक मुलगा आहे, बागाईतदाराचा, तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही अर्धंच सांगितलं असतं आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना बाकीचं कळलं असतं, तर त्यांनी परत कुणावर विश्वास ठेवला असता का?’ सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी, जी कधीच बोलत नाही, ती म्हणाली, ‘पण गुडघा असता की, मॅडम.’ तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मी काहीतरी बोलले, की आता जे विचार मांडले जातात त्यात दुभाष्याला नुसता पाईप समजत नाहीत, तोही त्या बोलण्यातला तिसरा माणूस असतो, त्याची जबाबदारी असते, वगैरे. सगळं खरं आहे. पण जबाबदारी असते म्हणजे नेमकं कुठल्या तुकड्याशी थांबायचं, हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही. कादंबरीचं सोपं असतं, आई. अडलं की खाली टीप देता येते, पुढं प्रस्तावना लिहून आपण काय गाळलं, का गाळलं, हे सांगता येतं. वॉर्डात टीप कुठं देणार?

आणि तुझंच बघ ना. शेवटच्या आठवड्यात तू मराठी पार विसरलीस. तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच वॉर्डात, नवी पोरगी होती सिस्टर म्हणून, तिला कानडी येत नव्हती. तू काही बोललीस की ती माझ्याकडे बघायची. तिनं तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं आणि तू म्हणालीस, ‘साकु.’ पुरे. ती म्हणाली, ‘काय म्हणतायत?’ मी म्हटलं, ‘पाणी नको म्हणतेय.’ तिनं चमचा ठेवला. पुरे कशाचं ते तू सांगितलं नव्हतंस. मी पाणी जोडलं, कारण चमचा समोर होता. मला ते चूक वाटत नाही. तरी कधीतरी वर्गात बोलता बोलता तो शब्द आठवतो आणि फळ्याकडे तोंड करून मी उगाच काहीतरी लिहीत राहते.

मी तुझी बाजू घेतेय असं समजू नकोस. तू शब्द सांभाळत नव्हतीस, माणूस सांभाळत होतीस, असं म्हणून मला तुझा फोटो भिंतीवर लावता येईल, पण त्यानं माझं समाधान होत नाही. तू कितीजणांच्या बाबतीत कितीदा ठरवलंस, आणि त्यातल्या कितीजणांना ते नको होतं, हे तुलाही माहीत नव्हतं. आणि मी एकाच्या बाबतीत ठरवलं नाही, तर त्याचा गुडघा गेला. मला तुला एवढंच विचारायचं होतं, की तू त्या दोन तुकड्यांच्या मध्ये काय केलं असतंस? थांबली असतीस? मला वाटतं थांबली असतीस. आणि मग संध्याकाळी, डॉक्टर गेल्यावर, परत खाटेपाशी जाऊन उरलेलं सांगितलं असतंस? की भाकरी थापायला घरी आली असतीस? हे विचारायला हवं होतं मी त्या दिवशी चुलीपाशी. मी हक्काबद्दल बोलत बसले.

हे पाठवायचा प्रश्नच नाही. क्वार्टर्स पाडल्या, तिथं आता गाड्या लावतात. बाहेर ऊन उतरलंय, पेपर तसेच पडलेत. तरी एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला उठता येणार नाही.

त्या बाईनं डॉक्टरांकडून माझा नंबर घेतला होता. ती कधीमधी दुपारची फोन करते, दिराच्या मोबाईलवरून, रानातनं. काल आला होता. तिची कानडी माझ्या पुस्तकातली नाही, तुझ्या वॉर्डातलीही नाही, ती फार भरभर बोलते आणि निम्मं मला कळत नाही. मी ‘हौद्री, हौद्री’, म्हणजे हो, हो, म्हणत राहते, कारण ‘कळलं नाही’ म्हटलं की ती बोलायची थांबेल अशी मला धास्ती वाटते. काल ती त्या मधल्या दिवसांबद्दल सांगत होती, दवाखान्यातून निघून गेल्यापासून परत येईपर्यंतच्या. मेंढरं कायमची दिराच्या हवाली करायची होती, नवीन कुरण लांब होतं, आणि हे मेंढरांबरोबर स्वतः चालत… पुढचा शब्द वाऱ्यात गेला. ‘होगिद्रु’ म्हणाली असेल तर गेले होते. शेवटचं मेंढरांमागं चालून आले, त्या पायानं, आणि ते मी सगळं सांगितलं म्हणून. ‘होगतिद्रु’ म्हणाली असेल तर गेले असते. पाय धड असता तर. एका ‘त’चा फरक आहे. वर्गात मी सांगते, ऐकू आलं नाही तर दुभाष्यानं न लाजता पुन्हा विचारायचं. मी विचारलं नाही. मी ‘हौद्री’ म्हटलं, आणि फोन ठेवून त्याचं मराठी करून टाकलं: गेले होते.